रिकाम्या खुर्चीचा हिशोब

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या 'गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस' या सरकारी लेखापरीक्षण संस्थेनं एक अहवाल दिला. २४ मोठ्या केंद्रीय खात्यांची मुख्यालयं प्रत्यक्षात किती भरतात, हे तिला पाहायचं होतं. २४ पैकी १७ खात्यांची मुख्यालयं क्षमतेच्या २५ टक्के किंवा त्याहूनही कमी वापरली जात असल्याचा अंदाज निघाला. इमारत भरलेली असो वा ओस, सरकारी कार्यालयं चालवायला आणि राखायला वर्षाला सुमारे २ अब्ज डॉलर लागतात. साहजिकच बातम्या झाल्या त्या रिकाम्या खुर्च्यांच्या. पण त्याच अहवालात आणखी एक अडचण नोंदवली होती. प्रत्येक खातं आपापल्या पद्धतीनं मोजत होतं आणि किती वापर म्हणजे पुरेसा वापर, याचं एक ठरलेलं माप सरकारकडे नव्हतं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कायदाच झाला. सरकारी इमारतींचा वापर वर्षाच्या सरासरीनं ६० टक्क्यांच्या खाली जाऊ नये आणि तो नीट मोजला जावा, असं त्यानं बजावलं.

हा प्रश्न एकट्या अमेरिकेचा नाही. टीसीएसनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत कर्मचाऱ्यांनी आपला २५ टक्क्यांहून जास्त वेळ कार्यालयात घालवायची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीनं सगळ्यांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. तीन वर्षांत एवढा उलटफेर होत असेल, तर जागा किती घ्यायची हे कुणी कशाच्या आधारावर ठरवायचं? जागा भाड्यानं घेताना करार वर्षानुवर्षांचे होतात, माणसांचं येणंजाणं मात्र आठवड्यागणिक बदलतं. ही फट बुजवण्यासाठी जी साधनं पुढे आली, त्यांत सगळ्यांत जास्त बोलबाला आहे ऑक्युपन्सी सेन्सरचा. खोलीत किंवा खुर्चीवर कुणी आहे का आणि असल्यास किती जण आहेत, हे सांगणारं हे छोटं यंत्र. ते कसं काम करतं, काय सांगतं, काय सांगू शकत नाही आणि कुठे अंगलट येतं, याचा हा आढावा.

यंत्राआधीची मोजणी

खुर्च्या मोजायची कल्पना सेन्सरपेक्षा बरीच जुनी आहे. फ्रँक डफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात लंडनमध्ये 'डीईजीडब्ल्यू' ही वास्तुसल्लागार संस्था सुरू केली. इमारत बांधून झाल्यावर ती दिवसभरात कशी वापरली जाते, हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. त्यासाठीची पद्धत अगदी साधी होती. हातात नकाशा घेऊन एक माणूस ठरावीक वेळानं मजल्यावर फेरी मारायचा आणि प्रत्येक जागेपुढे खूण करायचा. खुणा तीन प्रकारच्या असत. माणूस बसलेला आहे, माणूस नाही पण त्याचं सामान आहे, किंवा जागा पूर्ण रिकामी आहे. दोन आठवडे असं केलं की बहुतेक कार्यालयांचे डोळे उघडत. सगळ्या जागा भरल्यात असं ज्यांना वाटत असे, त्यांना कळत असे की कुठल्याही एका क्षणी निम्म्याच्या आसपासच खुर्च्यांवर माणसं असतात.

यातली मधली खूण महत्त्वाची आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेली सीट रिकामीही नसते आणि भरलेलीही नसते. खुर्चीवरच्या बॅगेचं आणि टेबलावर उघड्या ठेवलेल्या लॅपटॉपचंही तसंच. फेरी मारणाऱ्या माणसाला हा फरक एका नजरेत कळत असे. पुढे आलेल्या बहुतेक यंत्रांना तो कळत नाही.

जागा वाटून घ्यायच्या प्रयोगांनाही बराच इतिहास आहे. लॉस एंजेलिसच्या शायट-डे या जाहिरात कंपनीनं १९९४च्या सुमारास सगळ्या कर्मचाऱ्यांची ठरलेली टेबलं काढून टाकली. सकाळी यायचं, काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा आणि जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. काही दिवसांतच लॅपटॉप पुरेनासे झाले. लोक ते लपवून ठेवू लागले, कागदपत्रं गाडीच्या डिकीत साठवू लागले. काही वर्षांत कंपनीनं प्रयोग गुंडाळला आणि नव्या इमारतीत प्रत्येकाला आपलं टेबल परत मिळालं. तिथे मोजणीची अडचण नव्हतीच. माणसांना काम करायला काय लागतं, हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

छतावर, दारात आणि टेबलाखाली

आजचे सेन्सर पाच-सहा जातींचे आहेत. त्या प्रत्येक जातीचं आंधळेपण वेगळं आहे आणि खरेदी करणाऱ्यानं खरं तर तेच आधी समजून घ्यायला हवं.

सगळ्यांत स्वस्त आणि सर्वत्र दिसणारा म्हणजे पीआयआर, अर्थात 'पॅसिव्ह इन्फ्रारेड' सेन्सर. मानवी शरीर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक अवरक्त किरण बाहेर टाकतं. रेघारेघांच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या भिंगातून ते आतल्या संवेदकावर पडतात. हा संवेदक उष्णता मोजत नाही, उष्णतेतला बदल टिपतो. माणूस हलला की त्याला दिसतो, एका जागी स्थिर बसला की दिसेनासा होतो. म्हणून मीटिंग रूममध्ये लक्षपूर्वक वाचत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचे दिवे जातात आणि त्याला हात हलवून आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. यावर तोड म्हणून सेन्सरला १० ते २० मिनिटांचा धीर शिकवला जातो. शेवटची हालचाल दिसल्यावर तेवढा वेळ तो खोली भरलेली आहे असंच धरून चालतो.

दिव्यांसाठी हे ठीक आहे. जागेच्या हिशोबासाठी मात्र हा धीर महागात पडतो. विसरलेला चार्जर घ्यायला कुणी अर्ध्या मिनिटासाठी खोलीत डोकावलं, की नोंदीत १५ मिनिटांचा वापर चढतो. दिवसातून असे दहा जण डोकावले तर ओस पडलेली खोली अडीच तास भरलेली दिसते. दिव्यांसाठी बसवलेल्या सेन्सरचे आकडे उचलून जागेचे निर्णय घ्यायचे असतील, तर आधी हा धीर किती मिनिटांचा आहे ते विचारलं पाहिजे.

आपल्या हवेचाही इथे संबंध येतो. पीआयआर काम करतो तो माणूस आणि भोवताल यांच्या तापमानातल्या फरकावर. त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीच्या भिंतीही तेवढ्याच तापलेल्या असतील, तर सेन्सरला माणूस भिंतीपासून वेगळा काढणं अवघड जातं आणि त्याचा पल्ला आखडतो. ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून त्यांचा परतीचा बदल टिपणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर स्थिर माणसाच्या बारीक हालचाली जास्त चांगल्या टिपतात. पण त्यांना फिरता पंखा आणि हलणारा पडदासुद्धा माणसासारखाच वाटू शकतो. छताला पंखे टांगलेल्या आपल्या कार्यालयांत ही अडचण रोजची आहे.

मिलिमीटर-लहरींचा रडार हे अलीकडचं साधन. २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरी वापरून तो श्वासाबरोबर छातीची होणारी काही मिलिमीटरची हालचालही पकडतो, त्यामुळे स्थिर बसलेला माणूस त्याच्या तावडीतून सुटत नाही. त्याची गफलत उलट्या बाजूची आहे. जिप्समच्या पातळ भिंतीतून त्याच्या लहरी पलीकडे जातात आणि शेजारच्या खोलीतला माणूस या खोलीत मोजला जातो. बसवल्यावर त्याच्या सीमा नीट आखून द्याव्या लागतात.

उष्णतेचं ढोबळ चित्र काढणारे सेन्सर आणखी वेगळे. त्यांतल्या साध्या प्रकारात आठ गुणिले आठ, म्हणजे फक्त ६४ ठिपके असतात. एवढ्यात चेहरा ओळखता येणं शक्यच नाही, आणि खासगीपणाच्या दृष्टीनं हीच त्यांची ताकद. पण खांद्याला खांदा लावून बसलेले दोघं त्यात एकच ठिपका होतात आणि गरम लॅपटॉप कधीकधी माणूस ठरतो.

दारावर बसणारे मोजणी सेन्सर आत गेलेले आणि बाहेर आलेले मोजतात. त्यांची चूक साठत जाते. शंभरातल्या एका माणसाचं बाहेर जाणं हुकलं, तरी संध्याकाळपर्यंत मजल्यावर नसलेली माणसं 'उरतात'. म्हणून रात्री आकडा शून्यावर आणावा लागतो. कॅमेरा आणि त्यावर चालणारी प्रतिमा-ओळख सर्वांत अचूक मोजते. बहुतेक उत्पादक सांगतात की चित्र यंत्रातच पुसलं जातं, बाहेर जातो तो फक्त आकडा. तसं असेलही. पण भिंग तेच राहतं आणि बाहेर काय पाठवायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. ते सॉफ्टवेअर उद्या बदलता येतं.

काही जण नवीन यंत्र न बसवता असलेल्या नोंदींवर भागवतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड हा त्यातला एक मार्ग. बाहेरच्या हवेत तो दशलक्षात सुमारे ४२० भाग असतो, माणसं जमली की वाढतो. पण तो सावकाश चढतो आणि त्याहून सावकाश उतरतो, त्यामुळे आकडे नेहमी मागे असतात. वायफायवर जोडलेली यंत्रं मोजणं सोपं वाटतं, पण एका माणसाकडे फोन, लॅपटॉप आणि घड्याळ अशी तीन यंत्रं असतात. शिवाय ॲपलनं २०१४ मध्ये आणि अँड्रॉइडनं २०१९ मध्ये फोनचा पत्ता सतत बदलता ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून नुसत्या हवेतल्या लहरींवरून फोन ओळखणं भरवशाचं राहिलेलं नाही. दारावरचं कार्ड माणूस आला एवढं सांगतं. तो कुठे बसला, की चहा पिऊन परत गेला, हे त्याला ठाऊक नसतं.

सरासरीचा सापळा

यंत्र कुठलंही असो, शेवटी हातात येतो तो आकडा, आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या जागेच्या हिशोबात एक सूत्र रुळलेलं आहे. खोली किती वेळ वापरली गेली आणि वापरात असताना किती भरली होती, या दोन टक्केवारींचा गुणाकार म्हणजे तिचा खरा वापर.

उदाहरणार्थ, दहा जणांची मीटिंग रूम आणि आठ तासांचा दिवस घेऊ. कॅलेंडरवर ती सहा तास आरक्षित आहे, म्हणजे ७५ टक्के. प्रत्यक्षात दोन तासांच्या बैठका झाल्याच नाहीत, कुणी आरक्षण रद्द करायची तसदी घेतली नाही. वापर उरला चार तासांचा, म्हणजे ५० टक्के. त्या चार तासांत सरासरी तीनच माणसं बसली होती, म्हणजे ३० टक्के. गुणाकार येतो १५ टक्के. एकाच खोलीबद्दल ७५, ५० आणि १५ हे तिन्ही आकडे खरे आहेत. कर्मचारी तक्रार करतात की खोली कधीच मिळत नाही, व्यवस्थापन म्हणतं की खोल्या ओस पडल्यात, आणि दोघांचंही बरोबर असतं. इथे सेन्सर खरोखर उपयोगी पडतो. १० मिनिटांत कुणी आलं नाही तर आरक्षण आपोआप सोडून देणं आणि एका मोठ्या खोलीच्या तीन लहान खोल्या करणं, हे दोन उपाय बहुतेक कार्यालयांत लगेच लागू पडतात.

टेबलांचा हिशोब जास्त फसवा आहे. समजा शंभर माणसं आहेत आणि प्रत्येक जण आपल्या मर्जीनं निम्मे दिवस येतो. सरासरी हजेरी ५०. संभाव्यतेच्या गणितानुसार अशा वेळी ६२ टेबलं असली, तर जागा कमी पडायची शक्यता एका टक्क्याहूनही कमी राहते. म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के टेबलं वाचली. पण हेच गणित दहा माणसांच्या गटाला लावलं, तर तेवढ्याच निश्चिंतीसाठी नऊ टेबलं लागतात. वाटून घ्यायचा फायदा मोठ्या गटात असतो, छोट्या गटात तो विरतो. म्हणून प्रत्येक विभागाला आपापलं छोटं कुंपण घालून देणारी 'शेअरिंग' योजना कागदावर दिसते तेवढी जागा वाचवत नाही.

त्याहून मोठी मेख या गृहीतकातच आहे. माणसं आपापल्या मर्जीनं, एकमेकांशी संबंध नसल्यासारखी येत नाहीत. ती एकमेकांना भेटायलाच कार्यालयात येतात. टीमचा दिवस बुधवार ठरला की सगळे बुधवारी हजर आणि शुक्रवारी मजला रिकामा. अमेरिकेत कार्डांच्या नोंदींवरून दहा शहरांची हजेरी काढणाऱ्या कॅसल सिस्टिम्सचा निर्देशांक जानेवारी २०२३ मध्ये, महासाथीनंतर पहिल्यांदा, ५० टक्क्यांच्या वर गेला. तो आकडा आठवड्याची सरासरी होता. आठवड्याच्या मधले दिवस आणि शुक्रवार यांतली दरी मोठी होती. सरासरीवर जागा कमी केलेल्या कंपनीचे कर्मचारी बुधवारी जिन्यात लॅपटॉप घेऊन बसतात. गर्दीच्या दिवसावर जागा घेतलेली कंपनी उरलेले चार दिवस हवेचं भाडं भरते. यातून सुटका सेन्सर करत नाही. कोणत्या टीमनं कुठल्या दिवशी यायचं, हे माणसांनी बसून ठरवावं लागतं. सेन्सर फक्त ठरवलेलं पाळलं गेलं का, ते दाखवतो.

ॲमस्टरडॅमची 'दि एज' ही इमारत या क्षेत्रात नेहमी उदाहरण म्हणून दाखवली जाते. तिथे सुमारे २८,००० सेन्सर आहेत आणि डेलॉइटच्या जवळपास २,५०० कर्मचाऱ्यांना सुमारे १,००० टेबलं पुरतात, असं २०१५ मध्ये जगभर छापून आलं. हे खरं आहे, पण सल्लागार कंपनीची माणसं कामाच्या स्वरूपामुळेच ग्राहकांकडे असतात, हे त्या कौतुकात मागे पडतं. दिवसभर एकाच जागी बसून हिशोब करणाऱ्या किंवा ग्राहकांचे फोन घेणाऱ्या कार्यालयानं तेच प्रमाण उचललं, तर पहिल्याच सोमवारी गोंधळ होईल.

विजेच्या बिलात काय पडतं

सेन्सर विकणारे दोन बचती दाखवतात, विजेची आणि भाड्याची. दोन्ही वेगवेगळ्या तपासायला हव्यात.

दिव्यांबद्दल पुरावा चांगला आहे. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, माणूस असल्या-नसल्यावर दिवे चालू-बंद करण्यानं दिव्यांच्या विजेत सरासरी सुमारे २४ टक्के बचत होते असं दिसलं. तो बराचसा काळ ट्यूबलाइटचा होता. एलईडी आल्यावर मूळ बिलच एवढं खाली आलं आहे की त्यातले २४ टक्के म्हणजे फार मोठी रक्कम उरलेली नाही.

खरा खर्च वातानुकूलनाचा आहे, पण तिथे सरसकट बोलून चालत नाही. ताज्या हवेसाठी जगभर वापरलं जाणारं अमेरिकन मानक, 'ॲश्रे ६२.१', कार्यालयासाठी दर माणशी मिनिटाला ५ घनफूट आणि वर दर चौरस फुटाला ०.०६ घनफूट हवा मागतं. एक हजार चौरस फुटांत पाच माणसं धरली, तर माणसांची हवा होते २५ आणि जागेची ६०. माणसं कमी झाली तरी माणसांच्या वाट्याचीच, म्हणजे जास्तीत जास्त तीस टक्के हवा कमी करता येईल. मीटिंग रूमला त्याच क्षेत्रफळात पन्नास माणसं धरतात. तिथे माणसांची हवा २५० आणि जागेची ६०. म्हणजे एकूण हवेतला ऐंशी टक्के वाटा माणसांचा. थोडक्यात, हवेच्या नियंत्रणासाठी सेन्सर बसवायचा असेल तर तो सभागृहात, मीटिंग रूममध्ये, प्रशिक्षण वर्गात बसवावा. उघड्या मोठ्या हॉलमध्ये त्याचा परतावा फार थोडा. आपल्याकडच्या असंख्य छोट्या कार्यालयांत तर स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची हवा आत येतच नाही. तिथे कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर वीज वाचवणार नाही. तो फक्त खिडकी उघडा असं सांगेल, आणि तेही कमी नाही.

भारताच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनं, म्हणजे ईसीबीसीनं, २०१७च्या आवृत्तीत मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी दिव्यांच्या स्वयंचलित नियंत्रणाची अट घातली. सेन्सर असेल तर माणूस गेल्यावर १५ मिनिटांत दिवे बंद व्हायला हवेत. त्यामुळे नव्या मोठ्या इमारतीत मीटिंग रूम आणि स्वच्छतागृहात सेन्सर अपेक्षितच असतो. प्रश्न उरतो तो त्याच्या पुढच्या टप्प्याचा, टेबलांचा आणि माणसांचा.

तिथे पैसा भाड्यात आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात दर चौरस फुटाला महिना ३०० रुपये भाडं आणि एका माणसामागे ८० चौरस फूट जागा मानली, तर एक टेबल महिन्याला २४,००० रुपयांना पडतं. त्यापुढे विजेची बचत किरकोळच. म्हणून सेन्सरचा सौदा शेवटी भाड्याशी जोडला जातो. पण टेबलं कमी केली म्हणून भाडं आपोआप कमी होत नाही. ते करार संपेल तेव्हाच होतं, आणि तेही सलग मजला सोडता आला तर. मजल्याभर विखुरलेल्या चाळीस रिकाम्या खुर्च्या घरमालकाला परत देता येत नाहीत.

टेबलाखालचं डबडं

जानेवारी २०१६ मध्ये एका सोमवारी लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'चे पत्रकार कामावर आले, तेव्हा प्रत्येक टेबलाखाली एक छोटी काळी पेटी चिकटवलेली होती. कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पेटीवरचं 'ऑक्युपाय' हे नाव इंटरनेटवर शोधलं आणि ती टेबलावर कुणी आहे का ते टिपते, हे त्यांना कळलं. ऊर्जाबचतीसाठी आहे, असा खुलासा झाला. पण बातम्या शोधणाऱ्यांच्याच टेबलाखाली गुपचूप यंत्र लावल्यावर दुसरं काय होणार? त्याच दिवशी पेट्या काढाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी बार्कलेज बँकेतल्या टेबलांखालीही तशाच पेट्या असल्याची बातमी आली. बँकेचं म्हणणं होतं की आम्ही माणसं नाही, जागा मोजतो. हीच बँक फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा चर्चेत आली, ती कर्मचाऱ्यांच्या संगणकावरच्या कामाची मिनिटं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. ओरड झाल्यावर तिनं माघार घेतली. ते सॉफ्टवेअर 'सेपियन्स' या मूळच्या पुण्याच्या कंपनीचं होतं. जागा मोजणं आणि माणूस मोजणं यांतलं अंतर किती थोडं आहे, ते या चार वर्षांत दिसतं.

सगळ्यांत बोलकं प्रकरण बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या एका संशोधन इमारतीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या टेबलांखाली न विचारता सेन्सर बसवले गेले. त्यांतले कित्येक विद्यार्थी संगणकशास्त्र आणि खासगीपणाच्याच क्षेत्रात संशोधन करणारे होते. त्यांनी सेन्सर काढले, त्यांचं तंत्र तपासलं आणि काढलेल्या सेन्सरचीच मांडणी करून इमारतीत 'नो' असा शब्द रचला. अखेर विद्यापीठानं सगळे सेन्सर काढून घेतले.

या घटना पाहिल्या तर लक्षात येतं की टेबलाखालचं यंत्र सगळीकडे जवळपास सारखंच होतं, उष्णता टिपणारं, चेहरा न ओळखणारं. भांडण यंत्राशी नव्हतं. ज्या टेबलाला मालक आहे, त्या टेबलाखालचा निनावी सेन्सर निनावी राहत नाही. ही खुर्ची अमक्याची आहे हे सगळ्यांना माहीत असतं, मग त्या खुर्चीचा आलेख म्हणजे त्याच माणसाचा आलेख. तोच सेन्सर जागा न ठरलेल्या हॉलमध्ये बसवला तर बऱ्याच अंशी निरुपद्रवी असतो. पण टेबल आरक्षित करायचं ॲप त्याला जोडलं की तो पुन्हा माणसाचं नाव सांगू लागतो.

नजर असली की माणसं वागणं बदलतात, हे मालकाच्या हिशोबातही धरलं पाहिजे. हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन यांनी २०१२ मध्ये चीनमधल्या एका मोबाइल कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही उत्पादन ओळींभोवती पडदे लावल्यावर तिथलं उत्पादन १० ते १५ टक्क्यांनी वाढलं. उघड्यावर असताना कामगार आपल्या चांगल्या युक्त्याही वरिष्ठांपासून लपवत होते. त्याच संशोधकानं पुढे अंगावर लावलेल्या सेन्सरच्या मदतीनं दाखवलं की भिंती काढून उघडं कार्यालय केल्यावर प्रत्यक्ष संभाषण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. म्हणजे सेन्सर चांगले प्रश्नही विचारू शकतो, पण तेव्हा अंगावर सेन्सर आहे हे सहभागी माणसांना ठाऊक होतं.

आपल्याकडे

जागा वाटून घेणं आपल्याला परदेशातून शिकावं लागलेलं नाही. कॉल सेंटरमध्ये एकच खुर्ची दिवसपाळी आणि रात्रपाळीत दोघं-तिघं वापरतात, हे पुण्या-मुंबईला वर्षानुवर्षं ठाऊक आहे. सरकारी पातळीवर हजेरीचं मोजमापही जुनं आहे. केंद्र सरकारनं २०१४ मध्ये आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी सुरू केली आणि तिचे आकडे जनतेला पाहायला खुले ठेवले. त्यातून किती जण आले ते कळलं. कुठली दालनं दिवसभर कुलूपबंद असतात, ते कळलं नाही.

महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत १,६०१ कोटी रुपयांना घ्यायला मान्यता दिली. २०१२च्या आगीनंतर मंत्रालयातली कार्यालयं विखुरली होती, जागेची टंचाई खरीच आहे. तरीही एवढ्या मोठ्या जागेचं वाटप करताना प्रत्येक खात्याच्या मागणीबरोबर त्याच्या सध्याच्या दालनांचा महिनाभराचा वापर मागितला, तर वाटप पदाच्या मानानुसार होण्याऐवजी कामाच्या गरजेनुसार होईल. त्यासाठी महागडे सेन्सर लागणार नाहीत, दोन आठवड्यांच्या फेऱ्यांनीही भागेल.

कायद्याची बाजू अजून सैल आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. पण त्यातच 'रोजगाराच्या कारणांसाठी' कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा मालकाला दिलेली आहे. युरोपात अशा मोजणीआधी तिचा परिणाम तपासून लिहून ठेवायला लावणारी बंधनं २०१८ पासून आहेत. इथे संयम बराचसा मालकाच्या मर्जीवर सोडलेला आहे.

आणखी एका गोष्टीकडे कुणी पाहत नाही. संध्याकाळी सातनंतर मजल्यावर जी माणसं असतात, ती बहुधा सफाईची आणि सुरक्षेची. सेन्सर त्यांना एकतर 'वापर' म्हणून मोजतो, नाहीतर 'गोंगाट' म्हणून गाळतो. त्यांनी बसायचं कुठे, डबा कुठे खायचा, हा जागेचा प्रश्न कुठल्याच आलेखात येत नाही. खरं तर कुठली खोली आठवडाभर उघडलेली नाही आणि कुठे दुपारी गर्दी होते, हे हाउसकीपिंगच्या बाईंना आणि पँट्रीतल्या दादांना कुठल्याही यंत्राआधी माहीत असतं.

मग बसवायचे की नाही?

या आढाव्यातून माझं मत असं झालं आहे. मीटिंग रूम, सभागृह, स्वच्छतागृह, कँटीन अशा सामाईक जागांत सेन्सर जरूर बसवावेत. तिथे वीज वाचते, खोटी आरक्षणं सुटतात आणि कुणाच्याही नावाला धक्का लागत नाही. कॅमेऱ्याशिवाय भागत असेल तर कॅमेरा टाळावा. ठरलेल्या टेबलांखाली सेन्सर बसवूच नयेत. तिथून मिळणारी माहिती दोन आठवड्यांच्या फेऱ्यांनी मिळते आणि फेऱ्या संपल्या की नजरही संपते.

बसवायचे ठरलेच, तर तीन गोष्टी आधी लिहून काढाव्यात आणि नोटीस बोर्डावर लावाव्यात. कुठला निर्णय यावरून घेणार, तो निर्णय झाल्यावर यंत्रं कधी उतरवणार, आणि किमान किती माणसांच्या गटाखालचा आकडा कुणालाही दाखवणार नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'आधी आकडे तर येऊ देत, मग बघू' असं येत असेल, तर खरेदी थांबवावी. असं उत्तर देणाऱ्याच्या हाती आलेला आकडा आज ना उद्या जागेवरून माणसाकडे वळतोच, कारण भाड्याचा करार बदलण्यापेक्षा माणसाला जाब विचारणं केव्हाही सोपं असतं.